सुरवंट तो, फुलपाखरू ते: एका चित्रपुस्तकाच्या प्रकल्प नोंदी

रविवार, २३ फेब्रुवारी २०२५ (तयारी)

पुस्तक: एरिक कार्ल यांचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’, पहिली आवृत्ती १९६९. अंड्यातून निघालेला भुकेला सुरवंट वारावाराने खात सुटतो, त्याने खाल्लं तिथे पानांना खरोखरची भोकं आहेत, आणि शेवटी त्याचं फुलपाखरू होतं. वर्ग: मॅसॅच्युसेट्समधला रविवारचा मराठी वर्ग. मुलं १२, वयं ४ ते ६, शिकवणाऱ्या दोघी. वेळ सव्वा तास. खोली भाड्याची आणि खाली गालिचा, त्यामुळे रंगाचं सगळं काम बाहेरच्या फरशीवर करायचं.

अडचण पहिल्यापासून उघड आहे. बहुतेक मुलांना हे पुस्तक इंग्रजीत तोंडपाठ आहे. वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेलं की मुलं पुढचं वाक्य आपणच इंग्रजीत म्हणून टाकतात आणि तास संपतो. म्हणून भाषांतर नको असं ठरलं. या गोष्टीत मराठीला स्वतःचं असं काय करता येतं ते शोधलं. ते क्रियापदात सापडलं. इंग्रजीत सुरवंटाने काहीही खाल्लं तरी क्रियापद जसंच्या तसं राहतं. मराठीत ते खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातं:

सोमवारी एक सफरचंद खाल्लं.
मंगळवारी दोन पेअर खाल्ले.
बुधवारी तीन आलुबुखार खाल्ले.
गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या.
शुक्रवारी पाच संत्री खाल्ली.

शनिवारी केकचा तुकडा खाल्ला, कलिंगडाची फोड खाल्ली. म्हणजे ला, ली, लं, ले, ल्या आणि परत ली, सगळी रूपं एका आठवड्यात येऊन जातात. मुद्दाम धडा लिहायला बसलो असतो तरी इतका चपखल जमला नसता. शनिवारच्या दहा पदार्थांमुळे तुकडा, काप, चकती, फोड हे शब्दही कामाला लागतात. ‘चीजची फोड’ आणि ‘कलिंगडाची चकती’ ऐकून मुलांना हसू आलं पाहिजे, तिथवर जायचं आहे.

पेअरला नासपती आणि प्लमला आलुबुखार असे शब्द आहेत. नासपती इथल्या एकाही घरात कानावर पडत नाही, म्हणून पेअरच ठेवला. आलुबुखार ठेवला तो केवळ उच्चाराच्या गमतीसाठी.

फळं बदलून आंबा, चिकू, जांभूळ करावीत का यावर बराच वेळ गेला. पुस्तक वाचताना बदलायची नाहीत. चित्रात पेअर दिसत असताना चिकू म्हटलं की मुलं लगेच हरकत घेतात, आणि त्यांचं बरोबर असतं. चिकू आणि करंजी मुलांच्या स्वतःच्या पुस्तकात येतील.

आज खाणारा मोजा, म्हणजे हातात घालायचा सुरवंट, आणि त्याने खायच्या पदार्थांचे भोकवाले पत्ते तयार केले. लहान मुलाचा गुडघ्यापर्यंतचा हिरवा मोजा घेतला. मोठ्यांचा मोजा पंजाकडे लोंबतो आणि तोंड उघडत नाही. पंजाच्या टोकाला लाल फेल्टचा चेहरा शिवला, त्यावर पिवळे डोळे आणि जांभळ्या मिशा. गोंदाने चिकटवलेले डोळे दुसऱ्या मुलाच्या हातात टिकत नाहीत, म्हणून शिवणंच बरं. पत्ते सिरियलच्या खोक्यांचे, प्रत्येक खोक्याच्या दोन मोठ्या बाजूंमधून दोन. फळं १५, शनिवारचे पदार्थ १० आणि रविवारचं पान १, मिळून २६ पत्ते, म्हणजे १३ खोकी. पत्ता १४ सेंमी व्यासाचा, मधलं भोक ८ सेंमी, म्हणजे कड ३ सेंमी राहते. पहिले तीन पत्ते २ सेंमी कड ठेवून कापले होते, ते हात घालताच फाटले. पानाला भोक नाही, ते नुसतं दाखवायचं.

लिंगानुसार पत्त्यांना रंगीत कडा देण्याची सूचना आली होती. ती घेतली नाही. कड रंगीत असली की मुलं रंग बघून उत्तर देतात, ऐकत नाहीत.

रविवार, २ मार्च

पहिलं वाचन, आज हस्तकला नाही. पुठ्ठ्याच्या पानांची मोठी आवृत्ती घेतली. लहान आवृत्तीतली भोकं मागच्या रांगेला दिसत नाहीत.

पहिलं चित्र रात्रीचं: चंद्र, पान, पानावर अंडं. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाला एका शब्दात इंग्रजी उत्तर येतं आणि बोलणं तिथेच थांबतं. ‘हे अंडं इथे कुणी ठेवलं असेल?’ याला वाक्यं आली. ‘आता पुढे काय होणार?’ हा गोष्ट सांगताना हमखास विचारला जाणारा प्रश्न इथे साफ पडतो, कारण पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं.

सगळ्यात जास्त मराठी निघालं ते मोठ्या माणसाच्या चुकीतून. ‘मंगळवारी त्याने तीन पेअर खाल्ले’ असं सरळ चेहऱ्याने म्हटल्यावर खोलीत गोंधळ उडाला. ‘नाही! दोन! दोन खाल्ले!’ दुसऱ्याची चूक काढताना मुलं भाषा कुठली याचा विचार करत नाहीत, समोरची बोलते तीच पकडतात. पण एका वाचनात अशा चुका तीनच करायच्या. चौथ्या चुकीपासून तो वेगळा खेळ होतो आणि पुस्तक बाजूला पडतं.

भोकात बोट घालायला सगळ्यांनाच हवं असतं. फळांच्या पानांवर भोकं १+२+३+४+५ अशी १५, मुलं १२. प्रत्येकाला एक भोक आधीच वाटून दिलं, उरलेली तीन शुक्रवारच्या पानावर पहिल्या तिघांना. ढकलाढकली झाली नाही. वाटणी न करता वाचलं तर गुरुवारपर्यंत पुस्तक कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर गेलेलं असतं.

पालुपद आमचं आम्ही ठरवलं: ‘पण पोट काही भरेना!’ हाताने पोट चोळत म्हणायचं. ‘त्याला अजूनही भूक लागलेली होती’ हे अर्थाने बरोबर असलं तरी त्याला ताल नाही, आणि चार वर्षांच्या मुलाच्या तोंडी बसत नाही.

शनिवारी पोट दुखतं तिथे थांबलो. ‘तुमचं पोट दुखलं तर घरी काय देतात?’ ओवा, ताक, बेंबीवर हिंग, ‘पिंक औषध’. मग पान उलटून रविवारचं हिरवं पान दाखवलं. ‘हा त्याचा ओवा’ असं एका मुलीने म्हटलं. पुढच्या वाचनापासून हे वाक्य सगळ्यांचं झालं.

सलामी आणि सॉसेजबद्दल दोन घरांनी आधीच विचारलं होतं. चित्रात आहे तर नाव घ्यायचं, कोण खातं आणि कोण खात नाही याची चर्चा काढायची नाही. मुलांनीही काढली नाही.

वारांमध्ये गुरुवार सगळ्यांचा अडतो. घरात बोलताना ‘थर्सडे’च येतो. बाकीचे वार सुट्टी, उपवास, क्लास अशा कशाला तरी जोडलेले असतात.

रविवार, ९ मार्च

आज उन्हाळी वेळेसाठी इथली घड्याळं एक तास पुढे गेली. निम्मी मुलं उशिरा आली, उरलेली पेंगुळलेली. बसून वाचन केलं नाही, थेट मोजा काढला.

खेळ असा: एक मूल मोजा घालतं, दुसरं पत्ता पुढे करतं आणि विचारतं, ‘काय खाल्लं?’ मोजावालं मूल पत्त्याच्या भोकातून हात घालतं, पत्ता मनगटापर्यंत सरकवतं आणि उत्तर देतं, ‘एक सफरचंद खाल्लं.’ पत्ते कोपरापाशी पाचाहून जास्त झाले की हात वाकत नाही. मग ते काढून ‘पोटात’, म्हणजे टोपलीत टाकायचे.

अपेक्षा होती तशीच चूक झाली. सगळ्याला ‘खाल्ला’: सफरचंद खाल्ला, संत्री खाल्ला. दोघांच्या तोंडी ‘ॲपल ईट केला’. सुधारायला गेलं की मूल गप्प होतं. म्हणून सुधारायचं काम मोज्याकडे दिलं. ताईच्या हातातला दुसरा मोजा तेच वाक्य बरोबर करून म्हणतो: ‘अरे वा, सफरचंद खाल्लं? मी पण खाल्लं!’ मूल चुकलं असं कुणी म्हणत नाही, पण बरोबर रूप लगेच दोनदा कानावर पडतं. वीस मिनिटांत ‘स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या’ जवळजवळ सगळ्यांच्या तोंडी बसलं. ल्या जोरात म्हणायला मजा येते, हे त्याचं खरं कारण. ‘संत्री खाल्ली’ सगळ्यात अवघड जातं, कारण ‘खाल्ली’ ऐकून मुलांना एकच काहीतरी वाटतं. पाचही पत्ते एकदम हातावर चढवल्यावर जरा जमलं.

चव: सफरचंद, पेअर, आलुबुखार, स्ट्रॉबेरी आणि संत्रं. १२ मुलांना २, २, ३, १२, ३ असं प्रमाण पुरलं. ॲलर्जीची लेखी विचारपूस आठवडाभर आधी केलेली होती. सफरचंदाच्या फोडी कापल्यावर लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकल्या, नाहीतर काळ्या पडतात आणि मग कुणी हात लावत नाही. शब्द: आंबट, गोड, करकरीत, रसाळ. आलुबुखाराच्या सालीमुळे ‘तुरट’ शब्द आयता मिळाला. तो चित्र दाखवून शिकवता येत नाही, जिभेलाच कळावा लागतो.

घरी विचारून यायचा प्रश्न: ‘आजी-आजोबा याला काय म्हणतात?’ सोबत सुरवंटाचं चित्र दिलं.

रविवार, १६ मार्च

घरून आलेली उत्तरं: सुरवंट आठ, अळी तीन, कुसरूड एक. अळी म्हणणाऱ्यांच्या मनात कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या झाडावरची गुळगुळीत हिरवी अळी आहे. सुरवंट म्हटलं की केसाळ, अंगाला लागला तर खाज सुटणारा. एका आजोबांनी व्हिडिओवर ‘हात लावू नकोस’ हेही बजावून सांगितलं. पुस्तकातल्या सुरवंटाच्या पाठीवर बारीक केस आहेत, हे मुलांनी आजच पहिल्यांदा नीट पाहिलं. तेव्हा पुस्तकातला तो सुरवंट, यावर एकमत झालं.

यातून फळ्यावर एक रांग तयार झाली: अंडं ते, सुरवंट तो (अळी म्हटलं तर ती), कोष तो, फुलपाखरू ते. एकच जीव मराठीत तो-ती-ते असा फिरतो. मुलांना हे विचित्र न वाटता अगदी रास्त वाटलं. रूप बदललं तर नावही बदलणारच.

मग कागद रंगवणे. कार्ल यांची चित्रं ब्रशने काढून भरलेली नाहीत. पातळ टिश्यू कागद ॲक्रिलिकने रंगवायचा, वाळवायचा, मग कापून वॉलपेपरच्या खळीने चिकटवायचा, अशी त्यांची पद्धत. हे कळल्यावर मुलं पुस्तकातलं पान नाकापाशी नेऊन बघतात आणि पट्टे, ठिपके, फटकारे शोधतात.

साहित्य: भेटवस्तू गुंडाळायचा पांढरा टिश्यू, ५० × ७५ सेंमीचे १५ ताव, प्रत्येकाचे चार तुकडे, म्हणजे ६०. मुलामागे चार आणि फाटण्यासाठी बारा. रंग: दोन हिरवे, पिवळा, लाल, निळा, जांभळा, प्रत्येकी साधारण ६० मिली. रंगाच्या निम्मं पाणी. अवजारं: जुना कंगवा, बबल रॅप, दात घासायचा जुना ब्रश, गालिच्याचा तुकडा, बोटं.

कोणता रंग घ्यायचा यावर आधी दोन कागदांवर चाचणी घेतली होती. शाळेत वापरतात तो धुतला जाणारा टेंपेरा स्वस्त असतो आणि कपड्यांवरून निघतो. पण तो वाळल्यावरही पाण्यात विरघळतो. पुढच्या आठवड्यात ओला गोंद लागला की सगळे रंग एकमेकांत उतरतात आणि सुरवंट शेवाळी होतो. ॲक्रिलिक एकदा वाळलं की हलत नाही. मात्र कपड्यावर वाळलं तर तिथूनही हलत नाही, म्हणून मोठ्यांचे जुने शर्ट उलटे, बटणं पाठीला अशी घालायची आणि बाह्या रबर बँडने बांधायच्या.

खाली वर्तमानपत्र घालू नये. ॲक्रिलिक त्यात मुरतं आणि वाळल्यावर टिश्यू सोडवताना फाटतो. कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या उभ्या फाडून पसरल्या, त्यावरून वाळलेला कागद सालासारखा सुटतो. ओला टिश्यू उचलायला जायचं नाही, आहे तिथेच राहू द्यायचा. आजचे नऊ फाटले, सगळे उचलताना. रंगवताना एकही नाही.

बोलणं इथे आपोआप झालं: पट्टे, ठिपके, रेघोट्या, खरखरीत, ‘माझा फिकट झाला’, ‘माझा गडद’. अंड्यांच्या ट्रेचा सुरवंट सगळीकडे करतात, तो आम्ही यादीतून काढला. लगद्याचा ट्रे रंग पितच राहतो, मुलं वीस मिनिटं मुकाट्याने रंग फासतात आणि बोलायला काही उरत नाही.

रविवार, २३ मार्च

कापणे, चिकटवणे.

चार वर्षांच्या हाताला लंबगोल कापता येत नाही आणि नुसता टिश्यू कात्रीत दुमडतो. दोन्हीवर उपाय: रंगवलेला टिश्यू दोन साध्या कागदांमध्ये ठेवून तिन्ही एकदम धरायचे, ५ × ७ सेंमीचे चौकोन मोठ्यांनी कापून द्यायचे आणि मुलांनी फक्त ‘कोपरे खायचे’. चार कोपरे खाल्ले की लंबगोल होतो. वेडावाकडा झाला तरी सुरवंटाला तो शोभतो.

गोंद: पांढरा गोंद दोन भाग, पाणी एक भाग. जाड पांढऱ्या कार्डावर गोंद लावायचा, टिश्यूवर कधीच नाही. टिश्यूवर ब्रश फिरवला की तो गोळा होऊन ब्रशला चिकटतो. कार्डावर ठेवल्यावर वरून कोरड्या बोटाने मधून कडेकडे दाबायचं. मुलामागे ७ तुकडे, प्रत्येक तुकडा आधीच्यावर एक तृतीयांश चढवायचा. नुसते शेजारी शेजारी ठेवले तर मणी दिसतात. पहिल्या तिघांचे मणीच झाले. मग चौथ्यापासून ‘एकमेकांच्या मांडीवर बसवा’ असं सांगितलं, ते समजलं.

चेहरा शेवटी. चेहरा आधी चिकटवला तर मुलांना शरीरात रस राहत नाही.

कार्ल यांना हे पुस्तक सुचलं ते पंचने कागदाच्या गठ्ठ्याला भोकं पाडताना. आधी डोक्यात पुस्तकं खाणारा किडा (बुकवर्म) होता, संपादिका ॲन बेनेड्यूस यांच्याशी बोलताना त्याचा सुरवंट झाला. भोकं आणि कमी-जास्त रुंदीची पानं अमेरिकेत छापणं परवडेना, म्हणून छपाई जपानमध्ये झाली. मुलांना यातलं फक्त पंचचं सांगितलं आणि प्रत्येकाच्या हातात एक पंच दिला. रद्दी कागदावर दहा मिनिटं भोकं. गालिच्यावरच्या टिकल्या वेचायला त्याहून जास्त वेळ लागला, पुढच्या वेळी ट्रेमध्ये.

रविवार, ३० मार्च

गुढीपाडवा, वर्ग नाही. घरांना निरोप पाठवला: प्रत्येक मुलाने आपल्या सुरवंटाच्या शनिवारसाठी घरातले पाच पदार्थ ठरवून यावेत. शिवाय पाच फळं, भारतातली चालतील.

रविवार, ६ एप्रिल

स्वतःचं भोकांचं पुस्तक.

२०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं) जाड कार्ड. पानांची उंची १४ सेंमी, रुंदी ६, ९, १२, १५, १८ सेंमी, शिवाय शनिवारसाठी आणि फुलपाखरासाठी १८ची दोन आणि मागचं कव्हर. सगळ्यात अरुंद पान सगळ्यात वर. पानामागून पान डोकावतं आणि फळं एका ओळीत दिसतात, ते याचमुळे.

नेहमीच्या पंचचं भोक ६ मिमीचं, त्यात कुणाचीच करंगळी जात नाही. आणि बोट गेलं नाही तर मुलांच्या लेखी ते भोकच नव्हे. चामड्याला भोक पाडायचा १२ मिमीचा पोकळ पंच आणि हातोडी वापरून आदल्या रात्री भोकं पाडून ठेवली: पानामागे एक, उजव्या कडेपासून दीड सेंमी आत, वरून ७ सेंमी. खाली लाकडी पाट. तीन कार्डं एकावर एक ठेवून मारली तर तिसऱ्याची कड फाटते, दोनच घ्यावीत. मुलांनी फळ काढायचं ते भोकाभोवती. आधी फळ काढून मग त्यावर भोक, असा क्रम ठेवला की भोक हमखास फळाबाहेर पडतं. जिथे दोन ते पाच फळं आहेत तिथेही भोक एकच ठेवलं. बाकीच्या फळांना काळा ठिपका.

बांधणी: डावीकडे दोन भोकं, लोकरीचा धागा, गाठ सैल. घट्ट बांधलं की अरुंद पान उलटताना फाटतं. स्टेपल मारल्यास टोकांवर टेप लावायची.

पुस्तकात काय आलं: एक आंबा खाल्ला, दोन केळी खाल्ली, तीन चिकू खाल्ले, चार करवंदं खाल्ली, पाच जांभळं खाल्ली. करवंद कुणी पाहिलेलं नव्हतं. ते एका आजीने सुचवलेलं होतं आणि चित्रं पाहून काढली. शनिवारी: लाडू खाल्ला, करंजी खाल्ली, थालीपीठ खाल्लं, चकल्या खाल्ल्या, वडे खाल्ले. ‘पिझ्झा खाल्ला’ चार पुस्तकांत आहे, तसाच ठेवला. लोणच्यावर वाद झाला. पुस्तकातली ‘पिकल’ म्हणजे खारवलेली आख्खी काकडी. घरचं लोणचं म्हणजे कैरीच्या फोडी, तेल, मोहरी. दोन्ही काढायची परवानगी दिली: ‘खारी काकडी खाल्ली’ आणि ‘लोणचं खाल्लं’.

मुलांनी सांगितलेलं वाक्य मोठ्यांनी जसंच्या तसं लिहून घ्यायचं, असं ठरलेलं होतं. ‘चकल्या खाल्ला’ असं आलं तर काय? लिहिण्याआधी एकदा मोज्याने विचारायचं, ‘चकल्या काय केल्या?’ बहुतेक वेळा ‘खाल्ल्या’ येतं. नाही आलं तर मुलाचं वाक्य तसंच लिहायचं.

१३ एप्रिल: राहिलेली पाच पुस्तकं पूर्ण. मोठ्या मुलांनी पत्ते मोजले: पंधरा आणि दहा पंचवीस, पान धरून सव्वीस. २० एप्रिल: सुट्टी.

मंगळवार, २२ एप्रिल

पेंटेड लेडी जातीच्या फुलपाखराच्या अळ्यांची पेटी आली. झाकण लावलेल्या कपात पाच अळ्या, तळाला तपकिरी लगदा, तेच त्यांचं अन्न. लांबी साधारण ७ मिमी. ही जात भारतातही आढळते. अळी काटेरी दिसते, पण काट्यांनी खाज सुटत नाही. मार्चमध्ये पेटी मागवली नाही, कारण फुलपाखरं बाहेर सोडायला दिवसा साधारण १३ अंश सेल्सिअस तरी हवं आणि इथे ते तेव्हा भरवशाचं नसतं.

कप उघडायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही. उन्हात आत पाणी धरतं आणि लगद्याला बुरशी येते. तळाशी जमणारे काळे कण ही विष्ठा आहे, पांढरं जाळं अळ्यांनीच विणलेलं आहे, दोन्ही नेहमीचंच. मुलांना हे आधी सांगावं, नाहीतर ‘मेली’ अशी हूल उठते.

रविवार, २७ एप्रिल

अळ्या अडीच सेंमीच्या झाल्या. पट्टी कपाबाहेर धरून मोजलं. ‘ही लगदा खाते, लॉलीपॉप का नाही?’ पुस्तकातला सुरवंट फळं आणि केक खातो. खऱ्या अळ्या ठरावीक झाडांचीच पानं खातात, आणि हा लगदा खास त्यांच्यासाठी बनवलेला असतो. पुस्तक खोटं आहे का, यावर मुलांचा निकाल: ‘तो गोष्टीतला आहे ना.’ पुढे काही बोलावं लागलं नाही.

रविवार, ४ मे

शुक्रवारी चार अळ्या झाकणाच्या कागदाला उलट्या लटकल्या, छत्रीच्या मुठीसारख्या वाकून, आणि कोष झाले. पाचवी कालच झाली. नवा कोष मऊ असतो, दोन-तीन दिवस हलवायचा नाही. म्हणून पहिल्या चौघांचा कागद आज मुलांसमोर सोडवून जाळीच्या पिंजऱ्यात टाचणीने लावला. पाचवा झाकणावरून पडलेला होता. तो पिंजऱ्याच्या तळाला टिश्यूवर, जाळीला अगदी लागून ठेवला. बाहेर आल्यावर चढून लटकायला भिंत मिळाली नाही तर पंख वाळताना दुमडलेले राहतात. हलवताना कोष थरथरतात, शत्रूला घाबरवायला. दोन मुलं घाबरली, म्हणजे युक्ती चालते.

शब्दाचा प्रश्न आला. शाळेत शिकलेल्या मोठ्या दोघांनी पुस्तकात चूक काढली: फुलपाखराचा ‘ककून’ नसतो, ‘क्रिसॅलिस’ असतो. मराठीत कोष दोन्हीला चालतो, त्यामुळे भांडण मिटलं. रेशमाच्या किड्याने स्वतःभोवती धागा गुंडाळून केलेल्या घराला कोसला असाही शब्द आहे. दोघांनी तो वहीत लिहून घेतला.

रविवार, ११ मे

काल दुपारी दोन आणि आज सकाळी वर्गाच्या आधी एक बाहेर आलं. चौथं मुलांसमोर, अकराला पाच मिनिटं असताना. आदल्या दिवशी कोष गडद झालेले होते आणि आतली पंखांची नक्षी दिसत होती, तीच खूण. पुस्तकातला सुरवंट कोषाला भोक कुरतडून बाहेर येतो. इथे कुणी काही कुरतडलं नाही. कोष आपोआप चिरला, आणि फुलपाखराच्या तोंडाला सोंड असते, कुरतडायला दात नसतात. हे मुलांनी स्वतः पाहिलं, म्हणून पुस्तकातली चूक काढायला पुन्हा पुस्तक उघडावं लागलं नाही.

लाल थेंबांबद्दल आठवड्यापूर्वी सांगितलं होतं आणि तळाला किचन पेपर घातला होता. तरी एकाला ते रक्त वाटलं. पंख पसरल्यावर शरीरात उरलेलं टाकाऊ पाणी आहे ते. पंख ताठ व्हायला दीड-दोन तास लागतात, तोवर हात नाही. खायला संत्र्याच्या ताज्या चकत्या. ‘शुक्रवार!’ असं दोघी एकदम ओरडल्या.

दुपारी तापमान १८ अंश. चौघांना वर्गाबाहेरच्या फुलझाडांवर सोडलं. जाताना कुणी ‘तो उडाला’ म्हणालं, बाकीच्यांनी दुरुस्त केलं: ‘ते उडालं.’

पाचवा कोष अजून तळाला आहे, रंग बदललेला नाही. गुरुवारपर्यंत वाट बघायची. मोजे धुवायला दिले. १३ पत्त्यांच्या कडा फाटल्या आहेत, पुढच्या तुकडीसाठी नवे करताना कड साडेतीन सेंमी ठेवायची.